पंचनामा, कैफियत आणि मुक्काम

(स्मृतिव्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



 या व्याख्यानमालेच्या चालकांनी मला विषय विचारला तेव्हा 'अलीकडचे अनुबोधपट' असे मी कळविले, आणि त्यांनी मोठ्या सौजन्याने, परंतु स्पष्टपणे विचारले, की एक संपूर्ण सायंकाळ भरेल इतके त्या विषयात आहे काय? त्या प्रश्नाने मी विचारात पडलो, कारण तो एकट्या चालकांचा प्रश्न नव्हे, माझ्या सगळ्या पिढीचा प्रश्न आहे. अनुबोधपट म्हटला की आपल्याला काय आठवते? मुख्य चित्रपट सुरू होण्यापूर्वीची ती दहा-पंधरा मिनिटे आठवतात. कोठे धरणाची भिंत उभी राहत आहे, कोठे पूरग्रस्तांना धान्य वाटले जात आहे, कोठे मंत्रिमहोदय कोनशिला बसवीत आहेत, आणि या सर्वांवर एक भारदस्त, अदृश्य आवाज आपण काय पाहावे आणि पाहून काय वाटून घ्यावे हे सांगत आहे. तोवर लोक बाहेर शेंगदाणे घेत उभे असत. आतली घंटा झाली, मुख्य चित्रपटाची पाटी पडद्यावर आली, की मग आत शिरत.

त्या काळाची अवहेलना करण्यासाठी मी हे सांगत नाही. १९४८ साली मुंबईत फिल्म्स डिव्हिजनची स्थापना झाली, तेव्हा नुकत्याच स्वतंत्र झालेल्या आणि बहुसंख्येने निरक्षर असलेल्या एका अफाट देशाला त्याचे स्वतःचे दर्शन घडविण्याचे काम त्या खात्याने शिरावर घेतले होते. प्रत्येक चित्रपटगृहाने मान्यताप्राप्त लघुपट दाखविलाच पाहिजे असा सरकारी दंडक होता, आणि कोकणातल्या माणसाने भाक्रा-नांगल पाहिले ते त्या दंडकामुळेच. त्याच खात्याच्या छत्राखाली साठीच्या दशकात सुखदेव, प्रमोद पती, एस. एन. एस. शास्त्री यांच्यासारखे स्वतंत्र प्रज्ञेचे कलावंतही वावरून गेले. शास्त्रींनी १९६७ साली स्वातंत्र्याबरोबर जन्मलेल्या, म्हणजे त्या वेळी विशीत असलेल्या तरुण-तरुणींना कॅमेऱ्यासमोर बसविले आणि या देशाविषयी तुम्हांला काय वाटते असे सरळ विचारले. 'आय ॲम ट्वेंटी' हा तो लघुपट. त्यातील उत्तरे आज ऐकली तरी सरकारी खात्याने हे कसे खपवून घेतले याचे नवल वाटते. परंतु हे अपवाद होते. शिरस्ता निराळा होता.

त्या शिरस्त्याला मी 'पंचनामा' असे नाव देतो. पंचनाम्यात काय होते? अधिकारी घटनास्थळी येतो, दोन पंच बोलावतो, लांबी-रुंदी मोजतो, जे दिसले ते नोंदवतो, सह्या घेतो आणि सूर्यास्तापूर्वी निघून जातो. पंचनामा खोटा नसतो, हे ध्यानात घ्या. पण ज्याच्या घरावर आपत्ती कोसळली तो माणूस त्या कागदात कोठे बोलत नाही. तो असलाच तर वर्णनाचा एक विषय म्हणून असतो. याच्या उलट आपल्या जुन्या दफ्तरांतून दुसऱ्या एका जातीचा कागद सापडतो, त्याला कैफियत म्हणतात. तेथे ज्याची त्याने आपली हकीकत आपल्या तोंडाने सांगितलेली असते. तीत पुनरुक्ती असते, राग असतो, कधी स्वतःच्या बाजूने ओढूनताणून केलेला युक्तिवादही असतो, पण ती जिवंत असते. आणि या दोहोंपलीकडे एक तिसरी गोष्ट आहे. तिच्यासाठी कागदाची उपमा पुरत नाही. बाहेरचा माणूस येतो, पण जात नाही. तो ओसरीवर मुक्काम टाकतो, चार महिने, चार वर्षे राहतो, घरच्या माणसांना त्याच्या असण्याचा विसर पडतो, आणि मग त्याला जे दिसते ते कोणी सांगून सांगता आले नसते असे असते. अलीकडच्या अनुबोधपटांची ओढ मला का वाटते, याचे माझे उत्तर या एका शब्दात आहे: मुक्काम. मी माहितीसाठी ते पाहत नाही. माहिती आता खिशातल्या यंत्रात हवी तेवढी मिळते. मी ते पाहतो ते दुसऱ्याच्या घरी राहून येण्यासाठी.

आता ही दृष्टी आपण कोठून बाहेरून आणली काय? या ठिकाणी थोडे मागे जाऊ. १८९९ साली मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे आपले सावेदादा, यांनी एका कुस्तीचे चित्रीकरण केले. १९०१ साली रँग्लर रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे केंब्रिजहून परतले तेव्हा त्यांच्या स्वागताचेही केले. या देशातील वास्तवपटाचा आरंभ असा मराठी माणसाच्या हातून झाला हे आपण अभिमानाने सांगतो, आणि ते योग्यच आहे. पण माझे मन त्याहून अधिक गुंतते ते दादासाहेब फाळके यांच्या एका लहानशा प्रयोगात. 'राजा हरिश्चंद्र' १९१३ साली आला. त्याच्या अगोदर, या नव्या विद्येवर पैसे लावणाऱ्यांचा विश्वास बसावा म्हणून, फाळक्यांनी एका कुंडीत वाटाण्याचा दाणा पेरला, कॅमेरा त्याच्यासमोर ठेवला, आणि त्या रोपाची एक-एक चौकट महिनाभराहून अधिक काळ चिकाटीने टिपली. पडद्यावर तो कोंब काही क्षणांत उगवला, वळला, वेल होऊन वर चढला. विचार करा: हिंदुस्थानातील चित्रपटाचे आद्यपुरुष म्हणून ज्यांना आपण गौरवितो, ते देवादिकांकडे वळण्यापूर्वी महिनाभर एका दाण्यापाशी मुक्कामाला होते! सावेदादांनी घटना टिपली, फाळक्यांनी वाढ टिपली. घटना टिपायला तत्परता लागते; वाढ टिपायला वाट पाहावी लागते. आजचा अनुबोधपट मला त्या कुंडीचा वंशज वाटतो.

मधल्या काळात ही वाट पाहणे कोणाला परवडले नाही, याला एक अगदी व्यावहारिक कारण होते. पस्तीस मिलिमीटरची हजार फुटांची फिल्म सुमारे अकरा मिनिटांत संपते. ती फिल्म महाग, तिचे संस्करण महाग, कॅमेरा जड, आवाज मुद्रित करण्याचे यंत्र वेगळे. अशा स्थितीत एखादी कोळीण जाळे विणता-विणता काय पुटपुटते हे ऐकत दिवसभर बसण्याची चैन कोण करणार? म्हणून मग मूक चित्रे घ्यावयाची आणि वर निवेदकाचा आवाज चढवावयाचा, ही रीत पडली. पुष्कळांना ती रीत सत्तेच्या अहंकारातून आली असे वाटते. अंशतः तसे असेलही, परंतु ती फिल्मच्या भावातूनही आली होती. पुढे व्हिडिओ आला, नंतर अंकीय कॅमेरा आला, आणि दिवसभर चित्रीकरण करण्याचा खर्च एका वेळच्या जेवणाइतका उतरला. निवेदकाचा आवाज हळूहळू मागे सरला. समोरची माणसे स्वतःच्या भाषेत, स्वतःच्या वेगाने बोलू लागली, आणि पुष्कळदा गप्पही बसू लागली.

येथे एका मराठी बाईंचे स्मरण केल्यावाचून मला पुढे जाववत नाही. सुमित्रा भावे या मूळच्या समाजविज्ञानाच्या अभ्यासक. झोपडवस्तीतील स्त्रियांविषयी त्यांनी संशोधन केले, आणि मग त्यांच्या मनात आले, की ज्या स्त्रियांविषयी हा अहवाल लिहिला त्यांना तो वाचता येत नाही. मग हा अहवाल कोणासाठी? त्या प्रश्नातून १९८५ साली 'बाई' हा लघुपट निर्माण झाला. अभिनयाचा आधार घेऊन रचलेली ती कृती काटेकोर अर्थाने अनुबोधपट नव्हे असे कोणी म्हणेल. पण ज्यांच्याविषयी आहे त्यांना तो कळला पाहिजे, ही त्यामागची अट मला या सगळ्या कलाप्रकाराची पहिली अट वाटते.

अलीकडच्या कृतींपैकी ज्या एकीने मला सर्वांत अधिक काळ अस्वस्थ ठेवले, तिच्याविषयी आता सविस्तर बोलतो. सर्वनिक कौर यांचा 'अगेन्स्ट द टाइड' हा २०२३ साली सनडान्स महोत्सवात गौरविला गेलेला अनुबोधपट मुंबईच्या दोन कोळी मित्रांचा आहे. एक राकेश, एक गणेश. राकेश वडिलांच्या लाकडी होडीतून किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यात मासेमारी करतो. चंद्राच्या तिथीवरून उधाण केव्हा आणि भांग केव्हा हे त्याला पंचांग न उघडता कळते. गणेश परदेशी शिकून आलेला; तो मोठ्या नौकेने खोल समुद्रात जातो, कर्ज काढतो, आणि समुद्रावर विजेच्या दिव्यांचा प्रखर झोत सोडून मासळी गोळा करण्याच्या मोहात पडतो. या एलईडी मासेमारीला केंद्र सरकारने २०१७ साली बंदी केली, हे आपल्याला वर्तमानपत्रातून ठाऊक आहे. पण वर्तमानपत्रातून जे ठाऊक होत नाही ते हे, की बंदी मोडणारा आणि बंदी पाळणारा हे एकमेकांचे जिवलग आहेत.

रात्री दोघे समोरासमोर बसतात आणि वाद घालतात. राकेशचे म्हणणे असे, की दिव्याने पिल्ले-अंडी सगळी ओढली जातील, मग उद्या आपण काय धरणार? गणेशचे म्हणणे असे, की मी सोडले तर दुसरा धरील, आणि बँकेचा हप्ता माझ्यासाठी थांबणार नाही. यांत खोटे कोणाचे? मी तो प्रसंग पाहत असताना पहिल्याच्या बाजूला झुकलो, मग दुसऱ्याच्या, आणि शेवटी माझ्या ध्यानात आले, की हा वाद मी माझ्या आजोळी शेतीसंबंधी अगदी याच सुरात ऐकला आहे. इकडे राकेशच्या घरी तान्हे मूल आहे, त्याच्या हृदयात जन्मजात दोष आहे, आणि उपचाराला पैसा लागणार आहे. जाळे वर येते तेव्हा त्यात मासळीबरोबर शहराने टाकलेला प्लास्टिकचा कचराही येतो. कोणी निवेदक 'पाहा, ही पर्यावरणाची हानी' असे म्हणत नाही. राकेश तो कचरा हाताने वेगळा करतो, एवढेच आपण पाहतो. आणि तो हात सवयीने इतक्या सफाईने चालतो, की त्या सफाईनेच काळजात कालवाकालव होते.

आणि भाषा! कोळ्यांची ती बोली, तिचे ते हेल, तिच्यातली ती सागराची शब्दसंपत्ती. आपण मराठीचे अभिमानी लोक प्रमाणभाषेच्या शुद्धतेवर परिसंवाद भरवितो. या चित्रपटाने आपल्याच भाषेचा एक संपूर्ण किनारा आपल्याला ऐकविला, आणि तो आपल्यापैकी किती जणांनी ऐकला? मला हा प्रश्न खरोखरच बोचतो.

माणसांचा मुक्काम असा असतो. पण अलीकडच्या अनुबोधपटांनी एक अपूर्व गोष्ट केली आहे: त्यांनी माणसाखेरीज इतर जीवांकडेही मुक्काम टाकला आहे. तमिळनाडूतील मुदुमलईच्या अरण्यात हत्तींची अनाथ पिल्ले सांभाळणाऱ्या बोम्मन आणि बेल्ली या दांपत्याचा 'द एलिफंट व्हिस्परर्स' हा लघुपट २०२३ साली ऑस्करचा मानकरी ठरला, म्हणून त्याचे नाव घरोघर पोहोचले. तो गोड आहे, देखणा आहे, आणि त्याविषयी मला एवढेच सांगावयाचे आहे. शौनक सेन यांचा 'ऑल दॅट ब्रीद्स' मात्र निराळ्या धातूचा आहे. दिल्लीतील नदीम आणि सौद हे दोघे बंधू तळघरात द्रव साबणाची भांडी जुळविण्याचा व्यवसाय करतात आणि त्याच तळघरात जखमी घारींवर उपचार करतात. पतंगाच्या काचेरी मांजाने पंख कापले गेलेल्या घारी खोक्यांतून त्यांच्याकडे येतात. तरुणपणी या भावांना शरीरसौष्ठवाचा नाद होता. स्नायू, कंडरा, शिरा यांचे जे ज्ञान त्या नादातून मिळाले, तेच पुढे पक्ष्याचा फाटलेला पंख शिवताना उपयोगी पडले.

या चित्रपटाचा आरंभ पाहा. रात्रीचे मैदान, कॅमेरा जवळजवळ जमिनीला टेकून अतिशय सावकाश सरकतो आहे, आणि सर्वत्र उंदीर. प्रथम किळस येते. मग, कॅमेरा काही हटत नाही म्हणून, आपणही हटत नाही. आणि काही वेळाने त्या उंदरांची धावपळ, त्यांची हातघाई, हा एक संसार दिसू लागतो. ज्या शहराला आपण दिल्ली म्हणतो त्याचे हेही रहिवासी, असे कोणी म्हणालेले नसते. एका प्रसंगात घार झेप घेऊन त्यांच्या सहायकाच्या डोळ्यांवरचा चष्मा उचलून नेते. बाहेर नागरिकत्वाच्या कायद्यावरून शहर पेटू लागले आहे. त्याची चाहूल खिडकीतून, ध्वनिवर्धकातून, घरच्या बायकांच्या बोलण्यातून आत येते. आणि हे दोघे भाऊ मांस कुटून घारींना भरवीत राहतात. राजकारणाचे इतके गंभीर चित्रण, राजकारणाकडे कॅमेरा प्रायः न वळविता केलेले, मी क्वचित पाहिले आहे.

आपल्या मराठीत 'पतंग' हा एकच शब्द दोन वस्तूंना आहे: आभाळात उडवावयाचा कागदाचा पतंग, आणि दिव्यावर झेपावणारा कीटक. पहिल्या पतंगाने घारीचा पंख कापला. दुसऱ्या पतंगाचा एक चित्रपट २०२४ साली आला, तो अनिर्बन दत्त आणि अनुपमा श्रीनिवासन यांचा 'नॉक्टर्न्स'. पूर्व हिमालयातील घनदाट अरण्यात मानसी मुंगी या संशोधक निशाचर पतंगांचा अभ्यास करीत आहेत. त्यांची पद्धत अशी: रात्री अरण्यात एक पांढरे कापड ताणून बांधावयाचे, त्यावर मापनासाठी रेघांच्या चौकटी आखलेल्या, त्याच्याजवळ दिवा लावावयाचा, आणि वाट पाहावयाची. हळूहळू अंधारातून पतंग येतात. एक येतो, दहा येतात, शेकडो येतात. कापड भरून जाते. त्यांच्या पंखांवरची नक्षी पैठणीच्या काठालाही लाजवील अशी. मग छायाचित्रे, मोजमापे; डोंगराच्या निरनिराळ्या उंचीवर, जसजशी हवा थंड होत जाते तसतसा पतंगांच्या देहाच्या आकारात काय फरक पडतो, हा त्यांचा प्रश्न. दुसऱ्या रात्री पुन्हा कापड. तिसऱ्या रात्री पुन्हा. संभाषण जवळजवळ नाही. पंखांची फडफड, पाऊस, झाडांवरून ठिबकणारे पाणी. बुगुन जमातीचा एक तरुण त्यांना साहाय्य करतो, आणि त्या दोघांची जी थोडकी बोलणी होतात ती कुजबुजीच्या पट्टीत.

अंधार, ताणलेले पांढरे कापड, आणि त्यावर दिवा! हे दृश्य पाहताना मी एकदम माझ्या बालपणीच्या जत्रेत जाऊन उभा राहिलो. देवीच्या जत्रेला तंबूची टॉकीज येई. आम्ही मुले पैशांच्या अभावी कनातीच्या मागच्या बाजूने शिरून पडद्याच्या पाठीमागे मातीत बसत असू. चित्र तेथूनही दिसे, फक्त अक्षरे उलटी दिसत आणि उजव्या हाताचा नायक डावखुरा वाटे. त्या तंबूंचा अखेरचा काळ शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी महाराष्ट्रातील फिरत्या टॉकीजवाल्यांबरोबर हिंडून 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' या अनुबोधपटात धरून ठेवला आहे. २०१६ साली तो कान महोत्सवात दाखविला गेला. त्यात प्रकाश नावाचे एक कारागीर आहेत, प्रक्षेपणयंत्रे दुरुस्त करणारे. नावही कसे सार्थ! सगळे यंत्र तेलात बुडून चालेल असे एक नवे प्रक्षेपणयंत्र त्यांनी स्वतःच्या बुद्धीने घडविले आहे. ते यंत्र दाखविताना त्यांच्या चेहऱ्यावर जे तेज येते, ते पाहावे, आणि त्याच वेळी हेही ठाऊक असावे, की फिल्मचे रीळच आता जगातून चालले आहे. शोक करावा तर त्या माणसाचा आनंद खरा आहे. आनंद मानावा तर काळ उलटा आहे. अशा ठिकाणी निवेदकाचा आवाज काय सांगणार होता?

हसविणारे अनुबोधपटही आहेत, आणि ते मागे टाकून मी पुढे जाणार नाही. फैजा अहमद खान यांचा 'सुपरमेन ऑफ मालेगाव' हा २००८ चा. म्हणजे काही अगदी कालचा नव्हे. पण यंत्रमागांवर राबणाऱ्या त्या गावातले हौशी लोक सायकलीवर कॅमेरा बांधून स्वतःचा उडणारा वीर निर्माण करतात, आणि तो वीर म्हणजे हाडे मोजता येतील असा शफीक नावाचा एक किरकोळ यंत्रमाग-कामगार, हे पाहताना जे हसू येते त्यात तुच्छतेचा लवलेश नसतो. पुढे काही वर्षांतच शफीक कर्करोगाने गेला. चित्रपटात तो अजून उडतो आहे.

आता 'वैविध्य' या शब्दाच्या अगदी टोकाला जाऊ. पायल कपाडिया यांच्या 'अ नाइट ऑफ नोइंग नथिंग' या कृतीला २०२१ साली कान येथे सर्वोत्तम अनुबोधपटाचा मान मिळाला. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे जेथे एके काळी प्रभातचा स्टुडिओ होता आणि 'संत तुकाराम' घडला त्याच भूमीवर, २०१५ साली विद्यार्थ्यांचा दीर्घ संप झाला. त्या संपाची आणि नंतरच्या विद्यार्थी-आंदोलनांची कृष्णधवल, कणीदार चित्रे, आणि त्यांवर एका विद्यार्थिनीने आपल्या दुरावलेल्या प्रियकराला लिहिलेली पत्रे. दुराव्याचे कारण जात. पत्रे कल्पित आहेत, आंदोलन खरे आहे. मग याला अनुबोधपट म्हणावे काय? माझे स्वतःचे मत विचाराल तर, म्हणावे. त्या वयात रात्री वसतिगृहाच्या खोलीत प्रेम आणि राज्यशास्त्र एकाच श्वासात येतात. पंचनाम्यात त्याला रकाना नाही, म्हणून दिग्दर्शिकेला पत्र कल्पावे लागले. मात्र हे स्वातंत्र्य प्रत्येकाच्या हाती सुरक्षित राहील असे मी म्हणत नाही. कल्पित काय आणि घडलेले काय हे प्रेक्षकाला चाचपडत का होईना ओळखता आले पाहिजे. ती वाटच बुजविली, तर मग अनुबोधपटाची सनद गेली.

आणि आता जे सांगावयाचे आहे त्यासाठी मला थोडे थांबून श्वास घ्यावा लागतो. ११ जुलै १९९७ या दिवशी मुंबईत घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाल्याचे पहाटे आढळले, वस्ती रस्त्यावर आली, पोलिसांनी गोळीबार केला आणि दहा माणसे मृत्युमुखी पडली. त्यानंतर चारच दिवसांनी शाहीर विलास घोगरे यांनी मुलुंडच्या आपल्या झोपडीत गळफास घेतला. डाव्या चळवळीचा हा गायक. जाताना त्याने डोक्याला निळे वस्त्र बांधले होते. आनंद पटवर्धन यांच्या १९८५ च्या 'हमारा शहर' या चित्रपटात हाच शाहीर गायला होता. आपला मित्र असा का गेला, या एका प्रश्नापाठी पटवर्धन कॅमेरा घेऊन निघाले, आणि तो प्रश्न त्यांनी चौदा वर्षे सोडला नाही. २०११ साली 'जय भीम कॉम्रेड' पुरा झाला.

चौदा वर्षे म्हणजे काय, याचा हिशेब नुसत्या आकड्याने होत नाही. खटले उभे राहतात, लांबतात, काही निवळतात. पुढारी पक्ष बदलतात. ज्या मंचावरून गोळीबाराचा निषेध झाला त्याच मंचावर काही वर्षांनी कोण शेजारी-शेजारी बसले आहेत हे कॅमेरा मुकाट्याने दाखवितो. लहान मुले मोठी होतात. आणि या सगळ्यांतून गाणे थांबत नाही: गल्लीत, मंडपात, डफावर, ढोलकीवर, कबीर कला मंचाच्या पोरांच्या खड्या आवाजात. आपण शाहिरी म्हटली की पोवाड्यांच्या संग्रहाकडे जातो, त्याला प्रस्तावना लिहितो. येथे शाहिरी ही वस्तीची रोजची भाकर म्हणून दिसते. आमच्या विद्यापीठीय वाङ्मयेतिहासांतून जे सुटले ते या तीन तासांत सापडते, हे मी साहित्याचा एक जुना अध्यापक म्हणून कबूल करतो. हा चित्रपट प्रथमपासून वस्त्यांतून, चाळींतून दाखविला गेला. सुमित्रा भावे यांची जी अट मी मघाशी सांगितली ती त्याने अशी पाळली.

परंतु मुक्कामाचे ऋणही असते. ज्याच्या ओसरीवर राहिलात, ज्याचे दुःख चित्रित केलेत, त्याचे पुढे काय? चित्रपटाला देशोदेशी मान मिळतो, दिग्दर्शक विमानाने जातो, आणि तो माणूस आपल्या गावी तसाच असतो. निशा पाहुजा यांच्या 'टू किल अ टायगर' या चित्रपटात झारखंडच्या एका खेड्यातील बाप आपल्या तेरा वर्षांच्या मुलीवर झालेल्या अत्याचाराविरुद्ध साऱ्या गावाशी झुंजतो. त्या मुलीचा चेहरा दाखवावा काय? ती सज्ञान होईपर्यंत थांबण्यात आले, तिला चित्रण दाखविण्यात आले, आणि मग तिने स्वतः संमती दिली. यावर मतभेद होऊ शकतो; तेराव्या वर्षीच्या दुःखाला अठराव्या वर्षाने दिलेली मुभा पुढे तिसाव्या वर्षी तशीच राहील काय, ही शंका माझ्याही मनात आहे. पण प्रश्न विचारला गेला, तिलाच विचारला गेला, याचे मोल मी कमी लेखणार नाही. जुन्या पंचनाम्यात सही पंचांची असे. येथे निदान सही तिची आहे.

आता प्रेक्षकाच्या ऋणाविषयी, आणि मग मी आपली रजा घेतो. रिंटू थॉमस आणि सुश्मित घोष यांचा 'रायटिंग विथ फायर' पाहा: बुंदेलखंडात 'खबर लहरिया' हे वृत्तपत्र चालविणाऱ्या स्त्रिया, पुष्कळशा दलित, छापील कागदाकडून भ्रमणध्वनीकडे वळत आहेत, त्यांतल्या एकीला यंत्रावरची इंग्रजी अक्षरेही अनोळखी आहेत, आणि तीच काही महिन्यांनी त्याच यंत्राने बातमी टिपते आहे. ऑस्करच्या नामनिर्देशनापर्यंत पोहोचलेला हा चित्रपट आपल्या तालुक्याच्या ठिकाणी कोणी पाहिला? राकेश आणि गणेश यांचा समुद्र येथून किती दूर आहे? सनडान्सला दिसला तो आपल्या जिल्ह्याला का दिसू नये? चित्रपटगृहवाल्याला दोष देण्यात अर्थ नाही. त्याला भाडे भरावयाचे असते. पण व्याख्यानमाला, वाचनालय, शाळेचे सभागृह, ही ठिकाणे कोणाची आहेत?

म्हणून चालकांना माझी एक विनंती आहे. पुढील वर्षी या मालेतील एक दिवस व्याख्यात्याला देऊ नये. या व्यासपीठामागे जी भिंत आहे तिच्यावर एक पांढरे कापड ताणावे, रीतसर परवानगी आणून 'अगेन्स्ट द टाइड' दाखवावा, आणि जमल्यास किनाऱ्यावरच्या दोन वयस्क कोळी स्त्री-पुरुषांना सन्मानाने बोलावून पुढच्या रांगेत बसवावे. प्रास्ताविक कोणी करू नये. चित्रपट दीड तासाहून थोडा अधिक आहे. तो संपल्यावर दिवे लगेच लावू नयेत, आणि पहिला शब्द त्या पुढच्या रांगेतून येऊ द्यावा. त्या संध्याकाळी मी मागे, दाराजवळ बसेन.